निळ्या धुराचा हंगाम

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की कोल्हापूरच्या हवेला वास लागतो. आधी नदीपलीकडून, मग राधानगरी रस्त्याच्या बाजूनं, मग चहूकडून. चिपाडं जळल्याचा, रस उकळल्याचा, गोड आणि किंचित करपट. माणसं छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, गुऱ्हाळं लागली. कुणाला माहेर आठवतं, कुणाला गरम गुळाचा खडा. मी या दिवसांत घरात टिकत नाही. चहा अर्धा ठेवून उठतो, पायात चपला सरकवतो आणि गॅरेजांनी भरलेल्या उद्यमनगरच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. जाणाऱ्या गाड्यांच्या पाठी बघत राहतो. गाडी पुढून कशी दिसते याच्याशी मला कधी देणंघेणं नव्हतं. पुढून सगळ्याच गाड्या दाखवायला बसवलेल्या मुलीसारख्या नीटनेटक्या असतात. खरं काय ते मागं, नळीतून बाहेर पडतं.

जुन्या गाड्यांची दलाली हा माझा धंदा. तो मला कुणी वाडवडिलांनी दिला नाही. एका गॅरेजात रॉकेलमध्ये इंजिनाचे भाग धुण्यापासून सुरुवात केली. हाताची कातडी सोलून निघायची. पण बसल्या जागेवरून, मान वर न करता, बाहेर सुरू झालेल्या गाडीचं पोट कसं आहे ते मला कळायला लागलं, आणि पुढं त्यावरच माझं घर उभं राहिलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. तो पाना फिरवून जातो, त्यावर भाव थोडा पाडायचा एवढंच. पांढरा धूर थंडीत सकाळी सगळ्याच गाड्या सोडतात, ती वाफ. इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि त्याला गोडसर वास आला, तर पाणी नको तिथं शिरलंय असं समजायचं. आणि निळा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. निळा दिसला की विकणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, आपोआप उतरलेलं असतं.

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. आमच्या बाजारात रुमाल नळीला धरतात. उन्हं यायच्या आधी जायचं, बॉनेटवर पालथा हात ठेवून इंजिन खरोखर गार आहे ना ते बघायचं, मग धुतलेला पांढरा रुमाल नळीच्या तोंडाशी धरायचा आणि म्हणायचं, मार किल्ली. नंतर तो रुमाल बॉनेटवर पसरायचा. दोन्हीकडची माणसं त्याच्यावर वाकून डाग शोधतात. गावात गाडीचा सौदा निघाला की लोक विचारायचे, दिनकररावांचा रुमाल लागलाय का? लागला असेल तर पुढचं बोलणं. हे मी कमावलं होतं. शिकलेल्या माणसाची पदवी भिंतीवर टांगलेली असते, माझी खिशात घडी घालून होती.

आता आमच्या धंद्यात औषध नावाचाही एक प्रकार आहे. इंजिन झिजलेलं असेल तर आत जाडजूड तेल ओततात. मधासारखं. काही दिवस धूर बसतो, आवाजही दबतो, तेवढ्यात गाडी विकून मोकळं व्हायचं. हे सगळ्या दलालांना माहीत असतं आणि सगळ्या गिऱ्हाइकांनाही. मी कुणाच्या गाडीत काय घातलं याचा पाढा वाचायला इथं बसलेलो नाही. बापूच्या गाडीत घातलं नाही. एवढंच मला सांगायचं आहे, आणि एवढंच ऐकून घ्यायला कुणी तयार नाही.

बापू आणि मी एका तालमीत घुमलो. तो बागायतदाराचा पोरगा, मी कुणाचाच नाही, पण तांबड्या मातीत दोघं सारखेच मळायचो. राधानगरी रस्त्याला त्याचा ऊस, म्हशी आणि स्वतःचं गुऱ्हाळ. मी त्याच्या दारात चपला काढायच्या आत त्याची आई ताट घ्यायची. माझ्यासाठी पाटावर जागा असलेलं दुसरं घर गावात नव्हतं. बापू मला दिन्या म्हणायचा. असं म्हणणारं माणूस आयुष्यात एक तरी असावं लागतं. बाकीचे सगळे दिनकरराव म्हणायला लागले, की माणूस आतून एकटा पडतो.

ती गाडी एकोणीसशे ऐंशीनंतरच्या वर्षांत आली. परदेशातून कायमचं परत आलेल्या एका इंजिनिअरनं ती सामानाबरोबर बोटीतून आणली होती आणि इथं तिला हात लावायला कुणी मिस्त्री मिळेना म्हणून तो कंटाळला होता. बुटकी, जपानी, लाल. दिवे पापण्या मिटल्यासारखे आत जायचे. बॉनेट उघडलं आणि मी दोनदा वाकून बघितलं. त्या इंजिनात पिस्टन नाही. वर-खाली काही होतच नाही. लंबगोल डब्यात एक फुगीर तिकोनी फिरकी गरगर फिरते, संपलं. शेजारी टर्बो. नळीकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर तिथं एक पातं फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. चालू केल्यावर धडधड नाही, नुसतं शिवणयंत्रासारखं गुणगुणणं. मालकानं मला समजावलं की फिरकीची टोकं डब्याला घासतात, म्हणून इंजिन स्वतःच तिथं थेंब थेंब तेल सोडतं. ते तेल जळतं, संपतं. हा रोग नव्हे, स्वभाव आहे.

मी रुमाल धरला. कोरा निघाला. बापूच्या वतीनं भावासाठी मी त्या इंजिनिअरशी इतका भांडलो की त्याची बायको दोनदा बाहेर येऊन बघून गेली. शेवटी तो थकला आणि गाडी बापूच्या अंगणात आली. तेव्हा मी बापूला एक वाक्य सांगितलं होतं, "हे इंजिन तेल पितं बरं का, तेवढं बघत जा." ते वाक्य मी आजवर इतक्या वेळा मनात फिरवलंय की त्याची टोकंही आता झिजली असतील.

पावसाळा सरेपर्यंत गाडीनं एक ठिपका धूर सोडला नाही. मग हंगाम लागला.

या दिवसांत रस्त्यावर चालायचं म्हणजे बैलगाड्यांच्या मागून चालायचं. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या, एकीच्या मागं एक. उसाच्या शेंड्यांवरच्या वाढ्यांचा हिरवा वास, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा कंटाळलेला आवाज. घाई असलेला माणूस या दिवसांत कोल्हापुरात वेडा होतो. मी दर हंगामात थोडा होतोच. तर अशा एका पौर्णिमेला बापू घरच्यांना घेऊन नृसिंहवाडीला निघाला. मागं जीपमध्ये त्याचे होऊ घातलेले व्याही. वाटेत गाड्यांची रांग लागली. बापूची लाल गाडी बराच वेळ जागच्या जागी गुणगुणत उभी राहिली. रस्ता मोकळा झाला, बापूनं पाय दाबला, आणि मागून निळा ढग निघाला. मागची जीप दिसेनाशी झाली. व्याह्यांचे पांढरे फेटे त्या ढगातून खोकत बाहेर आले. उसाच्या गाडीवर बसलेल्या माणसानं बापूला हाक मारली, "पावणं, गाडी हाय का गुऱ्हाळ?" त्याच्या पुढचा म्हणाला, "गूळ कवा उतरणार तेवढं सांगा की, खडा घिऊनच जातो."

बापू वाडीला पोचला, दर्शन घेतलं, परत आला. हे सगळं मला त्याच्याकडून नव्हे, बाजारातून कळलं. तिथंच मला त्याच्या मनातलं कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून उद्यमनगर बोलायला लागलं. दिनकररावानं दोस्ताच्याच गळ्यात मेलेलं इंजिन मारलं. एक मोठा मिस्त्री, कानावर पेन्सिल ठेवणारा, माझ्यासमोर म्हणाला, "सरळ हाय. रिंगा गेल्यात."

मी विचारलं, "कशाच्या रिंगा?"

"पिस्टनच्या."

"त्यात पिस्टनच न्हाय."

तो कानावरची पेन्सिल सारखी करत म्हणाला, "मग त्योबी गेला असंल." आजूबाजूचे हसले, माझ्यावर. मी त्याच्या टेबलावरचा चहाचा कप उडवला. राग माझ्या नाकावर असतो, हे मला माहीत आहे. लोकांना त्यात कबुली दिसते, हे मला अजून समजत नाही.

बापू मग स्वतः आला. माझ्या अड्ड्यावरच्या खुर्चीत बसला नाही, उभाच राहिला. तो उभा राहिला हे मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"दिन्या, हंगाम संपायच्या आत ती गाडी काढ. यील त्या भावात काढ."

"काढतो. पर आधी धूर कुठनं येतोय ते बघू दे."

"बघून काय करणार हाईस? व्याही दिवसभर खोकत हुते."

"माझा रुमाल लागलाय बापू त्या गाडीला."

"तेच सगळे इचारत्यात मला," तो म्हणाला, "रुमाल लागला हुता न्हवं?" आणि गेला.

गाडी निळा धूर सोडत विकली गेली असती तर नंतर कुणी माझा रुमाल हातात घेतला नसता. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला बाजाराची भीती नव्हती. ती रिकामी राहिलेली खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

मग मी धुराच्या मागं लागलो. दररोज पहाटे बापूच्या अंगणात जाऊन रुमाल धरायचो आणि रुमाल कोरा निघायचा. बापूची म्हातारी आई ओट्यावरून बघायची आणि चहा द्यायची. इंजिनाचं पोट झिजलं असतं तर गार सकाळी पहिल्याच दमात निळं दिसायला हवं होतं. प्लग काढून बघितले. आत तेल शिरत असतं तर काळे, चिकट निघाले असते. ते कोरडे होते, बिस्किटाच्या रंगाचे. रुमाल म्हणतो रोग नाही, प्लग म्हणतात रोग नाही, आणि रस्त्यावर सगळ्या गावानं ढग बघितलेला. जेवणात लक्ष लागेना. दुसरे सौदे हातचे गेले, त्यांचंही काही वाटेना.

दुपारी मी बापूच्या गुऱ्हाळावर जाऊन बसायचो. काहिलीत रस उसळायचा, चुलवाणात चिपाडं फेकणारा माणूस धुरांड्याकडे बघून ओरडायचा, ओली आली रं, वाळलेली दे. आणि काहिलीच्या कडेला गुळव्या. गूळ कधी तयार झाला हे ठरवणारा माणूस. तो पाण्यात बोट बुडवायचा, रस चिमटीत धरायचा आणि हळूच म्हणायचा, उतरवा. लगेच सगळे काहिलीच्या कड्यांना भिडायचे. कशावरून, असं त्याला कुणी विचारत नव्हतं. घटकाभर चुकला तर अख्खी काहील वाया जाते, तरी कुणी विचारत नव्हतं. मी त्याच्याकडे बघत बसायचो आणि आतून जळायचो. त्याचं बोट खरं, माझा रुमाल खोटा. का? तर त्याला गूळ विकायचा नसतो म्हणून.

तिथंच बसल्या बसल्या मला समोरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग दिसली. रोजचीच. पण त्या दिवशी ती डोक्यात शिरली. धूर हंगामात सुरू झाला, आणि हंगामात या गाडीला एकच गोष्ट नवी होती. उभं राहणं. मी गाडी कळंब्याच्या तळ्यावर नेली. झाडाखाली लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि शेजारी उभा राहिलो. तळ्यावर म्हशी धुणारी माणसं बघत होती की हा माणूस गाडीच्या राखणीला का उभा राहिलाय. बऱ्याच वेळानं आत बसून पाय दाबला. मागून ढग निघाला. निळा, जाड, तळ्याच्या पाण्यावर लोळत गेला. अख्ख्या आयुष्यात निळा धूर बघून मला आनंद झाला तो त्या एकाच वेळी.

उभं असताना तेल कुठंतरी साचत होतं आणि पळताना जळत होतं. इंजिनाच्या पोटात नाही, प्लग कोरडे होते. म्हणजे पोटाच्या पुढं, टर्बोत. त्या पात्याचा दांडा इंजिनाच्याच तेलात फिरतो आणि वापरलेलं तेल स्वतःच्या वजनानं एका नळीतून खाली तेलाच्या टाकीत पडतं. ते खाली पडत नसेल तर बाजूनं झिरपून धुराच्या वाटेला लागणार. नळी सोडवून बघितली, स्वच्छ होती. मग खाली पडायला त्याला जागा का मिळत नव्हती?

उत्तर मला दुसऱ्या दिवशी बापूच्या अंगणात उभं असलेलं दिसलं, हातात तेलाचा डबा घेऊन. बापूचा ड्रायव्हर महादू, आमच्याच तालमीतला जुना पैलवान. बापू गूळ घेऊन मार्केट यार्डात गेला होता आणि महादू इंजिनात तेल ओतत होता, लहान मुलाला पाजावं तसं.

"महादबा, हे काय?"

"खुराक," तो म्हणाला. "मालक सकाळी घालत्यात. मी आपलं भाईर निघायच्या आधी घालतो. इंजान तेल पितंय, तुम्हीच सांगितलंसा की."

"पट्टी काढून बघतोस का?"

"बघतो की. भरपूर हाय."

मी तेल मोजायची पट्टी ओढली. तिच्यावर दोन खुणा असतात, एक कमीची, एक जास्तीची. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर चढलं होतं. त्या आठवड्यात ती पट्टी अर्ध्या उद्यमनगरानं ओढून बघितली होती आणि प्रत्येकानं म्हटलं होतं, तेल भरपूर आहे. आमच्या गावात भरपूर म्हटलं की विषय मिटतो. जेवायला बसलेल्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून रस्सा वाढणारी माणसं आम्ही. तालमीत पैलवानाच्या पेल्यात दूध ओतताना कुणी माप बघत नाही. आम्ही फक्त कमी पडलं का ते बघतो. टाकी इतकी भरली होती की वरून येणाऱ्या नळीचं तोंडच तेलात बुडालं होतं.

मी गाडी एकटाच अड्ड्यावर आणली, खालचा नट सोडला आणि जास्तीचं तेल एका पत्र्याच्या डब्यात उतरवलं. मग उसाच्या गाड्यांच्या मागं मुद्दाम जाऊन उभा राहिलो. रस्ता मोकळा झाल्यावर पाय दाबला. मागं नुसता रस्ता, त्यावर पडलेली वाढी आणि ऊन.

त्याच संध्याकाळी बापूला घेऊन गेलो. उभे राहिलो, निघालो, पुन्हा उभे राहिलो. तो मान वळवून मागं बघत होता. काही नाही. मला वाटलं, आता हा पाठीवर थाप मारणार. थाप खाण्यासाठी मी खांदा थोडा पुढंही केला असेन.

बापू म्हणाला, "आत काय घातलंस?"

"घातलं न्हाय. काढलं."

तो हसला. वाईट हसला नाही, कौतुकानंच हसला, तेच मला सोसलं नाही. "दिन्या, मर्दा, माझ्याशी बी व्यापार?"

मी सगळं सांगितलं. टर्बो, नळी, टाकी, दोघांचा खुराक. तो म्हणाला, "म्हंजे आता चूक माझी व्हय?" महादूला हाक मारली. महादू आला, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "न्हाय मालक. मी इंजानाला हातबी लावत न्हाय." नोकरीचा माणूस, दुसरं काय म्हणणार. त्यानंतर मात्र त्यानं खरंच हात लावला नसणार. मी तेलाचा डबा आणून पुढं ठेवला. बापूनं त्यात वाकूनही बघितलं नाही. "कुठल्याबी गाडीचं तेल काळंच असतं," म्हणाला.

"मग ईक गाडी," मी ओरडलो. "आत्ता ईक. धूर न्हाय, चांगला भाव यील."

"न्हाय इकणार," बापू शांतपणे म्हणाला. "औषध घातलेली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा धंदा तुझा हाय. माझा न्हवं."

मी किल्ली त्याच्या पायाशी टाकली आणि चालत गावात आलो. त्यानंतर त्या घरचं ताट नाही, पाट नाही. बापूची आई गेली तेव्हा बाराव्याला गेलो होतो. मांडवाच्या कडेला बसलो. बापू सगळ्यांना पाणी विचारत आला आणि मला म्हणाला, "दिनकरराव, पाणी घेणार?"

मधे बरेच हंगाम गेले. रुमाल अजून चालतो. त्या गाडीचा धूर थांबला म्हटल्यावर बाजारात माझं नाव उलट वाढलं. लोक खासगीत येऊन विचारतात, बापूसाहेबांच्या गाडीत घातलंत ते औषध कोणतं? मी सांगतो, काढलं होतं. ते डोळा मिचकावतात. पत्र्याचा डबा अड्ड्यावरच्या फळीवर आहे. तेलावर धूळ बसून साय धरल्यासारखं झालंय. फेकायचा म्हणून मी उचलतो आणि परत ठेवतो.

काल कोपऱ्यावर उभा होतो. वास नुकताच लागलाय, गाड्यांची पहिली रांग रस्त्यावर आली होती, आणि त्या रांगेमागं ती लाल गाडी उभी होती. रंग फिका झालाय. बापू स्वतः चालवत होता. बराच वेळ ती गुणगुणत उभी राहिली. माझे पाय आपोआप फुटपाथ सोडून खाली उतरले. बैल हलले, रस्ता मोकळा झाला, बापूनं पाय दाबला. मागं काही आलं नाही. हवा जशी होती तशी.

पण बापू पुढं बघत नव्हता. त्याचे डोळे वरच्या आरशात होते. आरशाच्या वाटेत मी उभा होतो, तरी ते माझ्यावर थांबले नाहीत. माझ्या मागच्या रिकाम्या हवेत ते काहीतरी शोधत होते. तेव्हा मला समजलं की तो हे दर वेळी करत असणार. दर रांगेला, दर वळणाला, इतके हंगाम. मी घातलेलं औषध कधी संपतंय, याची वाट बघत.